तळाला गेलेले कळदार

१ ऑक्टोबर १९४२ ला ‘सिटी ऑफ कैरो’ नावाचं जहाज मुंबई बंदरातून बाहेर पडलं. जहाज एलरमन लाइन्स या ब्रिटिश कंपनीचं. इंग्लंडातल्या हलच्या गोदीत १९१५ साली बांधलेलं, आठ हजार टनांचं, निम्मं प्रवाशांचं आणि निम्मं मालाचं. सत्तावीस वर्षं समुद्र खाऊन त्याची इंजिनं थकली होती. ताशी बारा सागरी मैलांच्या पुढे ते रेटत नसे आणि धूर इतका सोडायचं, की कोसांवरून दिसावं. पोटात सात हजार टनांच्या वर माल होता. कापूस, लोकर, लाकूड, कच्चं लोखंड, मँगनीज. आणि त्याखेरीज दोन हजार पेट्या. त्या पेट्यांत रुपये होते. अस्सल चांदीचे, सुमारे शंभर टन.

एका रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्या हिशेबानं शंभर टनांत पंच्याऐंशी लाखांच्या वर नाणी बसतात. एवढे रुपये घेऊन हे म्हातारं, धुरकट जहाज आफ्रिकेला वळसा घालून, पुढे ब्राझीलला टेकून इंग्लंडला जाणार होतं. सोबतीला एकही लढाऊ जहाज नव्हतं.

समुद्रापासून शेकडो मैल आत राहणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसानं या जहाजाकडे वळावं, याचं कारण त्या पेट्यांत आहे. १९४२ साली नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. संस्थानाचं नाणं स्वतंत्र होतं. चारमिनारची छाप असलेला उस्मानिया शिक्का, लोकांच्या तोंडी हाली. ब्रिटिश सरकारचा रुपया तो कळदार. सात हाली म्हणजे सहा कळदार असा ढोबळ दर होता, पण बाजारात तो खालीवर व्हायचा आणि सराफ बट्टा कापूनच नाणं बदलून द्यायचा. सारा हालीत भरायचा, संस्थानी नोकराचा पगार हालीत. पण संस्थानाबाहेर माल गेला, की पैसा कळदारात यायचा, आणि कळदारात चांदीही जास्त. हैदराबादच्या रुपयात शेकडा ८२ च्या आसपास, तर कळदारात जवळजवळ ९२.

लातूरचा गंज त्या काळी या बाहेरच्या पैशावर फुलला. सोळा रस्ते येऊन मिळणारी गंजगोलाई, भोवती आडत दुकानं, आणि १९११ साली लातूरपर्यंत पोचलेली बार्शी लाइट. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी शेंगा, करडई, तूर, कापूस घेऊन कुर्डुवाडीला जायची, तिथून माल मोठ्या गाडीनं मुंबईला. नांदेडकडून गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज मनमाडला जोडलेली होती आणि त्या पट्ट्यातल्या गावरानी कापसाला लांब, मऊ धाग्यासाठी नाव होतं. माल मुंबईला उतरायचा आणि उलट दिशेनं कळदार यायचे. ते खर्चायला कुणी उतावीळ नसे. ओल्या सालात मिळालेला कळदार कोरड्या सालासाठी हंड्यात घालून चुलीमागे, परसात, भिंतीत पुरला जायचा. लमाणांच्या तांड्यांवर बायका तो अंगावर घालायच्या. किनवट, मुखेड, अहमदपूर, औसा या भागांतल्या जुन्या लमाणी दागिन्यांत आजही रुपये ओवलेले दिसतात. आणि नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात जो एक काळवंडलेला राणीछाप रुपया ठेवला जातो, तो याच कुळातला. यंदाही तो चिंचेनं घासून ठेवला जाईल. त्याची लाखो भावंडं कुठे गेली, ते सांगण्यासाठी हा लेख.

चांदी लोकांच्या हातातून सुटायला लागली ती १९४० साली. युरोपात फ्रान्स पडला आणि इंग्रजांचं राज्य टिकतं की नाही, या धास्तीनं हिंदुस्थानभर लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले. खजिन्यांसमोर, स्टेशनांवर, बाजारात मोड मिळेना. सरकारनं गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवलं, एक रुपयाची नोट पुन्हा काढली, आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. नवा रुपया दिसायला तसाच, पण अर्धा तांबं, निकेल, जस्त. मग जुने रुपये चलनातून काढायला सुरुवात झाली. पहिल्यांदा व्हिक्टोरियाचे, म्हणजे राणीछाप. ३१ मार्च १९४१ नंतर ते चलन म्हणून बाद. पुढच्या वर्षी सातव्या एडवर्डचे. ज्यांनी वेळेत नेऊन दिले, त्यांना नोटा किंवा अर्ध्या चांदीचे नवे रुपये मिळाले. जुने रुपये टांकसाळीत आणि सरकारी तिजोऱ्यांत गोळा होत गेले.

या व्यवहाराचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. शेतकऱ्यानं माल दिला तेव्हा त्याला रुपयात एक तोळा ९२ टक्क्यांची चांदी मिळाली होती. लढाईच्या वर्षांत ती परत घेतली गेली आणि हाती कागद आला. त्या कागदाची किंमत तीन-चार वर्षांत कशी घसरली, हे धान्याचे भाव पाहिलेल्या पिढीला कुणी सांगायची गरज नव्हती. सरकार लढाईचा हिंदुस्थानातला खर्च नोटा छापून भागवत होतं आणि त्याच्या मोबदल्यात लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंड जमा झाल्याचं लिहून ठेवत होतं. लढाई संपली तेव्हा ब्रिटननं हिंदुस्थानला द्यायची ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. इकडे चांदीची टंचाई एवढी वाढली, की पुढे अमेरिकेकडून बावीस कोटी औंसांच्या वर चांदी उसनी घ्यावी लागली. गोळा केलेल्या चांदीचा एक भाग मात्र त्याआधीच जहाजांत भरून इंग्लंडच्या वाटेला लावलेला होता.

‘सिटी ऑफ कैरो’ हे त्यातलं पहिलं जहाज नव्हतं. १९४० च्या डिसेंबरात कलकत्त्याहून ‘गेरसोप्पा’ निघालं होतं. जोगच्या धबधब्याशेजारच्या गावाचं नाव मिरवणारं, ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज. त्यात चहा, कच्चं लोखंड आणि चांदीच्या विटा. १७ फेब्रुवारी १९४१ ला आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडी यू-१०१ नं ते बुडवलं. जहाजावर पंच्याऐंशी-शहाऐंशी माणसं होती. वाचला तो एकच, रिचर्ड एअर्स नावाचा दुय्यम अधिकारी.

संस्थानाचा पैसाही समुद्रावर होताच. निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिलेल्या देणगीतून स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत एक विनाशिका बांधली गेली. ती ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल झाली आणि तिचं नावच ‘निझाम’. क्रीटच्या माघारीत तिनं सैनिक उचलले, वेढा पडलेल्या तोब्रुकला रसद पोचवली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाजवळ एका प्रचंड लाटेनं ती आडवी झाली आणि दहा खलाशी वाहून गेले. जपानी शरणागतीच्या दिवशी टोकियोच्या उपसागरात ती हजर होती. ज्या खजिन्यावर निजामाचं वैभव उभं होतं, त्यात नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादच्या काळ्या मातीचा साराही पडत होता. मराठवाड्याच्या इतिहासात या जहाजाचा उल्लेख क्वचितच सापडतो. मला तो असायला हवा असं वाटतं.

आता त्या पाणबुडीकडे येऊ, जिच्यामुळे मुंबईच्या पेट्या तळाला गेल्या. तिचा माग काढताना मध्येच ‘बिस्मार्क’ भेटते. दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट वाचणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं. अडीचशे मीटर लांबीची, पन्नास हजार टनांची, ३८ सेंटिमीटर व्यासाच्या आठ तोफांची जर्मन युद्धनौका. मे १९४१ मध्ये ती पहिल्याच मोहिमेवर अटलांटिकमध्ये उतरली. २४ मे ला तिनं ब्रिटिशांची ‘हूड’ काही मिनिटांत फोडली. ‘हूड’वरच्या चौदाशेपेक्षा जास्त माणसांतली तीन वाचली. त्यानंतर ब्रिटिश नौदलानं सगळं सोडून ‘बिस्मार्क’चा पाठलाग केला. ‘आर्क रॉयल’वरून उडालेल्या जुनाट, कापडी अंगाच्या स्वोर्डफिश विमानांपैकी एकाच्या टॉर्पेडोनं तिचं सुकाणू जायबंदी केलं. दुसऱ्या दिवशी, २७ मे ला, दोन ब्रिटिश युद्धनौकांनी तिला तोफांनी झोडपलं आणि शेवटचे टॉर्पेडो ‘डॉर्सेटशायर’ या क्रूझरनं मारले. बावीसशेवर माणसांतली सव्वाशेच्या आत वाचली. पाण्यात शेकडो जर्मन खलाशी तरंगत होते. ‘डॉर्सेटशायर’ त्यांना दोर टाकून वर ओढत होती, पण जवळपास पाणबुडी असल्याची शंका आली आणि तिनं वेग घेतला. बाकीचे तिथेच राहिले.

त्याच ‘डॉर्सेटशायर’नं १ डिसेंबर १९४१ ला दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेनाच्या दक्षिणेला ‘पायथॉन’ या जर्मन रसद जहाजाला गाठलं. ‘पायथॉन’ त्या वेळी दोन पाणबुड्यांना तेल देत होतं. त्यातली एक यू-६८. तिचा कप्तान कार्ल-फ्रीडरिश मेर्टेन. टॉर्पेडो आत घेण्याचं काम अर्धवट असताना त्याला घाईघाईनं बुडी मारावी लागली आणि पाणबुडी हाताबाहेर जाता जाता वाचली. ‘पायथॉन’च्या लोकांनी आपलं जहाज स्वतःच बुडवलं. पाण्यावर उरले चारशेवर जर्मन खलाशी, होड्यांत आणि तराफ्यांवर. मेर्टेननं आणि दुसऱ्या पाणबुडीनं त्या होड्या दोरानं बांधून ओढत नेल्या, जमतील तितकी माणसं आत घेतली, आणि पुढे इतर पाणबुड्यांच्या मदतीनं ते सगळे हजारो मैल दूर युरोपात पोचले. उघड्या होडीत बसलेल्या माणसाचं काय होतं, हे या कप्तानानं जवळून पाहिलं होतं. त्यानंतर अकरा महिन्यांनी, जवळपास त्याच पाण्यात, त्याला एक धुराची रेघ दिसली.

‘सिटी ऑफ कैरो’ दर्बानला थांबून केपटाउनला आलं होतं. १ नोव्हेंबरच्या पहाटे ते केपटाउनहून निघालं, तेव्हा जहाजावर ३११ माणसं होती. त्यांत दीडशेच्या आसपास प्रवासी, बायका आणि लहान मुलंसुद्धा. काही दिवस आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत उत्तरेला जाऊन मग ते पश्चिमेकडे, मोकळ्या समुद्रात वळलं. ६ नोव्हेंबरला त्याच्या धुरानं घात केला. यू-६८ दिवसभर मागे राहिली आणि रात्री पहिला टॉर्पेडो लागला. मेर्टेननं दुसरा मारण्याआधी वीस मिनिटं वाट पाहिली. त्या वेळात होड्या उतरवल्या गेल्या. जहाज बुडताना मेली ती सहाच माणसं.

मग पाणबुडी होड्यांमध्ये वर आली. मेर्टेननं जहाजाचं नाव, माल, कुठून कुठे असं विचारलं. सर्वांत जवळची जमीन कुठल्या दिशेला, तेही सांगितलं. सेंट हेलेना सुमारे पाचशे मैलांवर, आफ्रिका हजार मैलांवर, ब्राझील दोन हजार. आणि निघताना त्यानं इंग्रजीत शुभ रात्री म्हणून जहाज बुडवल्याबद्दल माफी मागितली. या एका वाक्यानं ही घटना इंग्लंडात अजून लक्षात आहे. १९८४ साली राल्फ बार्करनं या जहाजावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावही हेच वाक्य. वाचलेल्या काहींनी पुढे मेर्टेनची भेटही घेतली.

मेर्टेनच्या सभ्यतेचं कौतुक पाश्चात्त्य लेखनात बरंच आहे. ते अगदी अनाठायी नाही. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी याच समुद्रात ‘लाकोनिया’ हे ब्रिटिश जहाज बुडालं होतं. त्या वेळी जर्मन पाणबुड्या माणसं वाचवत असताना अमेरिकन विमानानं त्यांच्यावर बाँब टाकले, आणि जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख ड्यॉनिट्झ यानं १७ सप्टेंबरला बुडालेल्या जहाजावरच्या माणसांना मदत करायला मनाई करणारा हुकूम काढला. त्या हुकमाखाली मेर्टेन जेवढं बोलला तेवढंही सगळे बोलले नसते. पण होड्यांत पुढे जे घडलं, ते त्या शुभ रात्रीनं सौम्य होत नाही.

सहा होड्या शिडं उभारून सेंट हेलेनाकडे निघाल्या. विस्तीर्ण समुद्रात चिमूटभर बेट, हाती होकायंत्र आणि अंदाज. पाण्याचं रेशन घोटांच्या मापानं. बिस्किटं होती, पण कोरड्या घशाखाली उतरत नव्हती. होड्या एकमेकींपासून पांगल्या. १९ नोव्हेंबरला ‘क्लॅन अल्पाइन’ या जहाजाला तीन होड्या दिसल्या आणि दीडशेच्या आसपास माणसं सेंट हेलेनाला उतरली. आणखी एक होडी ‘बेंडोरन’ला सापडली, तिच्यातले सत्तेचाळीस केपटाउनला पोचले. उरलेल्या दोन होड्यांची कथा वाचताना मी मध्ये मध्ये थांबलो. एक होडी बेट चुकवून पुढे गेली. पन्नासच्या वर माणसं घेऊन निघालेल्या त्या होडीत १२ डिसेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, तीनच जिवंत होती. त्यांना उचललं जर्मन जहाज ‘राकोटिस’नं. तिघांपैकी डायाना जार्मन ही तरुण बाई त्या जहाजावर वारली. राहिले अँगस मॅकडॉनल्ड आणि जॅक एडमेड. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी ब्रिटिश क्रूझर ‘सिला’नं ‘राकोटिस’ बुडवलं आणि दोघं पुन्हा होड्यांत. एडमेडची होडी स्पेनला लागली. मॅकडॉनल्डला एका जर्मन पाणबुडीनं उचलून फ्रान्सला नेलं, तिथून कैदेत.

दुसरी होडी सरळ ब्राझीलच्या दिशेनं गेली. एक्कावन्न दिवसांनी, २७ डिसेंबरला, ब्राझीलच्या नौदलाच्या ‘कारावेलास’नं तिला गाठलं. आत तिसरा अधिकारी जेम्स व्हाइट आणि मार्गारेट गॉर्डन ही प्रवासी बाई, एवढेच. व्हाइट बरा झाला आणि घरी परतायला एलरमनच्याच ‘सिटी ऑफ प्रिटोरिया’वर चढला. ४ मार्च १९४३ ला ते जहाज टॉर्पेडोनं बुडालं. त्यावरचं एकही माणूस वाचलं नाही. मार्गारेट गॉर्डननं लढाई संपेपर्यंत अटलांटिक ओलांडायचं नाकारलं.

एकूण शंभराहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांच्या आठवणी, बार्करचं पुस्तक, वर्तमानपत्रांतले लेख, यांत प्रवासी आणि गोरे अधिकारी नावानिशी येतात. त्यांचे स्वभाव कळतात, कुणी गाणी म्हटली, कुणी पाण्याचा घोट दुसऱ्याला दिला, तेही कळतं. पण जहाजावरचा मोठा हिस्सा हिंदी खलाशांचा होता. इंग्रजी कागदांत त्यांना लास्कर म्हणत. मजकुरात ते बहुतेक वेळा घोळक्यानं येतात. इतके लास्कर मेले, तितके लास्कर निपचित पडून होते.

हे खलाशी म्हणजे कोण? मुंबईहून निघणाऱ्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरी आणि कुलाब्याच्या खाड्यांकाठची माणसं असत, कितीतरी कोकणी मुसलमान. स्वयंपाक आणि प्रवाशांच्या दिमतीला गोव्याचे. इंजिनखान्यात पंजाबी, पठाण. कलकत्त्याहून निघणाऱ्या जहाजांवर सिल्हेट, नोआखालीचे. सगळ्यांवर सारंग, त्याच्या हाताखाली टिंडल, सुकाणी, कसब. बॉयलरपाशी आगवाले. भात-कालवण करणारा भंडारी, झाडलोट करणारा टोपस. भरती सारंगाच्या हातात, त्यामुळे एकेका गावातून दहा-दहा माणसं एकाच जहाजावर जायची आणि जहाज बुडालं, की एकाच वाडीत दहा घरांत रडारड व्हायची. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या आसपास. १९३९ च्या सप्टेंबरात लढाई सुरू होताच लंडन, केपटाउन, कलकत्ता अशा बंदरांत हिंदी खलाशांनी काम बंद केलं, तुरुंगवास पत्करला, तेव्हा कुठे पगार थोडा वाढला. लढाईच्या सहा वर्षांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशी मेले. यू-६८ च्या वाटेत त्या रात्री आले ते त्यांतलेच काही.

यू-६८ चा शेवट एप्रिल १९४४ मध्ये झाला. मादेरा बेटाजवळ अमेरिकन विमानांनी ती बुडवली, एकच खलाशी वाचला. मेर्टेन तेव्हा तिच्यावर नव्हता. तो १९९३ पर्यंत जगला.

लढाईत बुडालेली जहाजं शोधायचं तंत्र नंतर पन्नास वर्षांत बदललं. ८ जून १९८९ ला रॉबर्ट बॅलार्डच्या पथकाला ‘बिस्मार्क’ सापडली, पाण्याखाली पावणेपाच किलोमीटरवर. चिखलात सरळ बसलेली, लाकडी डेक बऱ्याच ठिकाणी शाबूत. बॅलार्डनं तिथून काहीही उचललं नाही आणि जागाही गुप्त ठेवली. जर्मनी त्या अवशेषाला युद्धस्मशान मानतं. २००० साली नॉर्वेच्या नौदलानं ‘शार्नहॉर्स्ट’ ही जर्मन युद्धनौका शोधली, २००१ साली ‘हूड’ सापडली. या शोधांमागे उत्सुकता होती, इतिहास होता, मेलेल्यांचे नातेवाईक होते.

चांदीची जहाजं शोधणाऱ्यांचा उद्देश वेगळा. ‘गेरसोप्पा’ ओडिसी मरीन या अमेरिकन कंपनीनं २०११ मध्ये शोधलं, ४७०० मीटरवर. पुढच्या दोन वर्षांत तिथून शंभर टनांच्या वर चांदी वर आली. २०११ मध्येच डीप ओशन सर्च या कंपनीनं ब्रिटिश सरकारशी करार करून ‘सिटी ऑफ कैरो’ शोधलं. खोली ५१५० मीटर, म्हणजे ‘टायटॅनिक’पेक्षा तेराशे मीटर जास्त आणि ‘बिस्मार्क’च्याही खाली. तिथे पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पाचशे पटींच्या वर. जहाज दोन तुकड्यांत, गाळात अर्धं गाडलेलं. वरच्या जहाजातून केबलनं सोडलेल्या यंत्रमानवाचे हात गाळ उपसत आणि पेट्या शोधत. दाब, प्रवाह, वरच्या लाटा यांमुळे यंत्रं पुन्हा पुन्हा बिघडत होती. एवढ्या खोलीवरून एवढा मोठा साठा वर काढण्याचा तो विक्रम मानला जातो. काम २०१३ मध्ये संपलं, तेव्हा कंपनीनं तळावर आदराच्या शब्दांचा एक फलक सोडला. बातमी जगाला २०१५ च्या एप्रिलमध्ये कळली. चांदीची किंमत ३ कोटी ४० लाख पौंड सांगण्यात आली.

मग ते रुपये वितळवले. विक्रीतला काही भाग ब्रिटिश खजिन्याला, बाकी शोधणाऱ्या कंपनीला.

कायद्यानं यात काही वावगं नाही. १९४२ साली ती चांदी ब्रिटिश खजिन्याच्या नावे जहाजावर चढली होती आणि सत्तर वर्षं तळाला पडून तिची मालकी बदलत नाही. पण सहा पिढ्यांपासून राणीछाप रुपया देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या मुलखातला माणूस म्हणून मला हे बोचतं. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत पडलेली, व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांची तोंडं असलेली ती नाणी या देशातल्या शेकडो बाजारांत हातोहात झिजलेली. आठवड्याच्या बाजारात आपटून खणखण ऐकलेली, सावकाराच्या बैठकीत शंभराच्या चळतीत रचलेली, हुंड्यात मोजलेली. काही नाण्यांवर सराफांनी चांदी तपासायला मारलेल्या बारीक खुणा असतात, त्यांवरून ते रुपये कुठे कुठे फिरले याचा माग लागतो. त्यांतली मूठभर तरी एखाद्या हिंदुस्थानी संग्रहालयात यायला हवी होती. भट्टीत घालण्याआधी कुणी ती मागितली असती, तर कदाचित दिलीही असती. ब्रिटिश खजिन्यासाठी तो धातू होता, आपल्याकडून मागणीच गेली नाही.

हालीचं पुढे काय झालं, तेही थोडक्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. १९५० च्या दशकात हाली शिक्का हळूहळू चलनातून गेला आणि मराठवाड्यात एकच रुपया राहिला. बार्शी लाइटची छोटी गाडीही आता नाही. तिच्या वाटेवर मोठे रूळ आले.

खलाशांच्या बाबतीत मात्र गोष्ट अजून पूर्ण बुडालेली नाही. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवर मेलेल्यांचं स्मारक आहे, पण हिंदी खलाशांची नावं तिथे नाहीत. ती मुंबईत आहेत. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम नावाची इमारत आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारकही तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धातली नावं दगडावर कोरलेली नाहीत, ती नोंदवहीत लिहिलेली आहेत. सहा हजारांहून जास्त नावं. त्या वहीची दुसरी प्रत बांगलादेशात, चट्टग्रामच्या युद्धस्मशानभूमीत. कारण तेव्हा देश एक होता आणि सिल्हेट-नोआखालीचे खलाशी मेले, तसेच रत्नागिरीचेही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत हीच नावं हुद्दा, जहाज आणि मृत्यूची तारीख यांसह आहेत. काहींपुढे बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव.

कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागानं ही यादी घेऊन गावोगाव जायला हवं. राजापूर, दापोली, श्रीवर्धन, मुरुड इथे आजोबा जहाजावर गेले आणि आले नाहीत एवढंच ठाऊक असलेली घरं असणार. त्यांना जहाजाचं नाव आणि रात्र सांगता येईल. ‘सिटी ऑफ कैरो’ असेल, तर आता अक्षांश-रेखांशही सांगता येतील, कारण चांदीसाठी का होईना, जागा सापडलेली आहे. मराठवाड्यातल्या वाचकांनी निदान त्या इमारतीत एकदा जाऊन यावं, असं मी मनापासून म्हणतो. लातूर एक्स्प्रेस, नंदीग्राम, देवगिरी, तपोवन, या सगळ्या गाड्या मुंबईत सीएसएमटीला जाऊन थांबतात. तिथून लोकलनं मस्जिद हे पहिलंच स्टेशन. पूर्वेला उतरायचं.